दोन आसनांमधले अंतर

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानानेही पंधरा-सोळा तास लागतात. साध्या वर्गात एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर साधारण ३१ इंच. पुढच्याने पाठ मागे टेकली की मागच्याचे गुडघे दबतात आणि तंटा उभा राहतो. २०१४ साली अमेरिकेत अशाच भांडणामुळे एक विमान मध्येच शिकागोला उतरवावे लागले. पुढचे आसन मागे येऊ नये म्हणून एकाने प्लास्टिकची खीळ लावली. पुढच्या बाईने त्याच्या अंगावर पाणी फेकले. ती आसने तर जादा पैशांची, अधिक मोकळी!

वारीत राहुटीतही जागा अपुरीच असते. एकाने कूस बदलली की शेजाऱ्याला बदलावी लागते. पण धक्का लागण्याआधी ‘माउली’ अशी हाक जाते. विमानात मी पाठ टेकण्याआधी मागे वळून हात जोडतो. भाषा येत नसली तरी एवढे कळते. जेवण आले की आसन सरळ करतो.

जागा आवळली ती कंपनीने, चार भाडी जास्त मिळावीत म्हणून. ते तिला खडसावून सांगावे. सोसणे म्हणजे अन्यायाला मान डोलावणे नव्हे. पण मागच्याने आपली जागा चोरलेली नाही. त्याच्या ठायीही तोच पांडुरंग गुडघे आखडून बसला आहे.