पांढरी

नाथसागरातलं ते बेट माझ्या मॅपमध्ये तीन वर्षं 'निर्जन बेट' या नावाने सेव्ह होतं. पुण्यात रात्रीचं डिप्लॉयमेंट लांबलं की मी सॅटेलाइट व्ह्यू उघडून आपल्या जिल्ह्यातल्या अशा जागा हुडकत बसतो.

जायकवाडीचं धरण पैठणला. पण त्याचा फुगवटा आमच्या शेवगाव-नेवाशात, पार प्रवरासंगमापर्यंत येतो. १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं तेव्हा पप्पा आठ वर्षांचे होते. आमचं जुनं गाव त्यात गेलं, एवढंच मला माहीत. त्यावर ते कधीच बोलत नाहीत.

यंदा मेमध्ये सुट्टीला गेलो. "बेट बघायला चाललोय, येता का?" असं सहज विचारलं, तर ते पायात चपला सरकवून गाडीवर मागे बसले.

पैठण रस्ता सोडला, उसातली पाणंद लागली. पुढे गाडीही जाईना. पाणी ओसरलेल्या जमिनीवर लोकांनी गाळपेर केली होती, तिच्या बांधाने अर्धा तास चाललो. काठावर एक मासेमारीवाले काका भेटले. त्यांचा चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे, वर ताडपत्री आणि एक वल्हं. मला पोहता येतं, तरी छातीत धडधडत होतं. पप्पा मात्र मांडी घालून निवांत.

बेट जवळ आलं तशा सुरय डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागल्या.

"खाली उतरायचं नाही," काका म्हणाले. "उघड्यावर अंडी घालतात, पायाखाली येतील. अभयारण्य आहे हे."

१९८६ पासून हा सगळा जलाशय पक्ष्यांसाठी राखलेला आहे, हे मी वाचलं होतं. तरी हिरमोड झालाच. एवढं आलो आणि पाय टेकवायचा नाही?

पप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी बसल्या बसल्या चपला काढल्या.

"ही आपली पांढरी," ते म्हणाले.

काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे घरांची जागा. गाव नेहमी उंचावर वसायचं, म्हणून पाणी उतरलं की पांढरीच आधी वर येते. मला इतकी वर्षं जे जंगल वाटत होतं, ते गाव होतं. आता नीट पाहिलं, तर गाळातून घडीव दगडांची एक ओळ गेलेली दिसत होती.

"आपलं घर कुठं होतं?"

पप्पांनी बराच वेळ पाहिलं. काकांनी न सांगता एक फेरी मारली, मग दुसरी.

"सांगता येत नाही रे," ते म्हणाले. "वेशीजवळची विहीर दिसली असती, तर सांगितलं असतं. तिथून डाव्या हाताला तिसरं."

परतताना त्यांनी काकांना दोनदा विचारलं, पाणी याच्याहून खाली कोणत्या साली जातं.