लाईट गेल्यावर

माझे मामा टर्नर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे दोन लेथ. मी शाळामास्तर आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. म्हणजे मामांच्या हिशेबी दोन्ही वेळी रिकामाच.

२००५-०६ सालची गोष्ट. भारनियमनाचे ते दिवस. लाईट वेळापत्रकाने जाई आणि वेळापत्रकाबाहेरही जाई. घरात लाईट गेली की माणूस पंख्यासाठी चिडतो. लेथवर तेवढ्याने भागत नाही. गनमेटलच्या बुशावर शेवटचा कट चालू असावा आणि नेमकी तेव्हाच मोटार बसावी. टूल जॉबमध्ये रुतून राहते, टिप तुटते, आणि गुळगुळीत अंगावर असा ओरखडा उठतो की दिवसभराची मेहनत भंगारात जाते. त्या सुमारास मामांचे असे बरेच दिवस भंगारात गेले.

एका रविवारी गेलो, तर धाकट्या लेथजवळ, दाराच्या वाऱ्याला, चार बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या. एकेक बारा व्होल्टची. एकापुढे एक जोडून अठ्ठेचाळीस. लेथची जुनी मोटार काढून मामांनी भंगारबाजारातली, माल वाहणाऱ्या बॅटरीगाडीची अर्ध्या अश्वशक्तीची डी. सी. मोटार बसवली होती. माझे गणित दहावीपर्यंतचे, पण मास्तरकीची खोड जात नाही. मी डब्यावरचा आकडा वाचला, शंभर अँपिअर-तास. बारा गुणिले शंभर गुणिले चार म्हणजे अठ्ठेचाळीसशे. अर्धी अश्वशक्ती म्हणजे तीनशे त्र्याहत्तर वॅट. भाग दिला आणि म्हणालो, "मामा, बारा तासांच्या वर चालेल की हो!"

मामा हसले. "अरे, ते शंभर कधी? वीस तासांत पाच-पाच अँपिअरनं काढलेस तर. घाईनं काढलेस की कमी मिळतात. आणि निम्म्याच्या खाली उतरवलीस, तर बॅटरी लवकर मरते. पाच तास मिळाले तरी पुष्कळ. पण तासांसाठी मांडल्यातच कुठं?"

मग त्यांनी जे सांगितले ते मला माझ्या भाषेत समजले. मोटार चालू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. खोल कट लागला की पुन्हा ओढते. एरवी तिची भूक थोडी. एवढ्या झटक्याला पुरेल असा मोठा पुरवठा घ्यायचा तर पैसा फार. म्हणून दहा अँपिअरचा साधा चार्जर बॅटऱ्यांना कायम जोडून ठेवायचा. झटका बॅटऱ्या सोसतात, चार्जर सावकाश भरून काढतो. माझा पगारही सरासरीने पुरतो; पण बहिणीचे लग्न काही सरासरीने होत नाही, तेव्हा पतपेढी लागते. मी हे म्हणताच मामा म्हणाले, "पतपेढीवर पाना पडला तर वितळत नाही." त्यांच्या हातातल्या पान्याचे एक टोक खरोखरच विरघळले होते. तेव्हापासून अंगठी काढल्याशिवाय ते बॅटरीला हात लावीत नसत, आणि बॅटरीच्या तोंडाशीच जाड फ्यूज बसवला होता.

पुढचे तीन महिने धाकट्या लेथवरचा एकही जॉब फुकट गेला नाही. लाईट गेली की सारी गल्ली गप्प होई, आणि आमच्याच शेडमधून तेवढी घरघर ऐकू येई. मामांची मान जरा ताठ झाली होती. ती मला आवडत असे.

एके संध्याकाळी लाईट गेली. मामा मोठ्या लेथवर, धाकट्यावर त्यांच्या हाताखालचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. लाईट गेल्यावर लेथ आपल्याच वेगाने थोडा फिरतो आणि थांबतो. घाई असली की टर्नर मंडळी हातात वेस्ट घेऊन चकवर तळवा दाबतात. दाबू नये, पण दाबतात. त्याने अंधारात सवयीने तेच केले. चक थांबायला आलाच नव्हता. वेस्ट ओढले गेले, त्याने हात सोडवला. करंगळीचे नख गेले, बोट वाचले.

दवाखान्यातून परतताना मी त्या मुलाच्या धांदरटपणाबद्दल काहीतरी बोललो. मामा रस्त्यातच थांबले. "त्याचं काय चुकलं? लाईट गेली की मशीन मेलं, हे मीच शिकवलं त्याला. जुन्या स्टार्टरमध्ये त्यासाठी कॉइल असते. लाईट गेली की ती सोडून देते, आणि परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन उठत नाही. ती मीच काढून टाकली आणि वर त्याला सांगितलं नाही."

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चकच्या वर एक तांबडा दिवा लागला, बॅटरीवरच चालणारा. गुडघ्याने दाबता येईल असे मोठे तांबडे बटण आले. मध्ये एक रिले घातला. लाईट गेली की भोंगा वाजे. त्या भोंग्यावर चालू कट पुरा करायचा, टूल मागे घ्यायचे आणि लेथ बंद करायचा, एवढाच नियम. नवा जॉब बॅटरीवर धरायचा नाही. मी विचारले, "मग बॅटरीचा उपयोग अर्धाच झाला की?" मामांनी उत्तर दिले नाही.

त्या मुलाची आज गल्लीच्या टोकाला स्वतःची शेड आहे. गेल्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेलो असता बोलता बोलता लाईट गेली. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान वर करून पाहिले. चकच्या वर तांबडा दिवा लागलेला होता. तो विझेपर्यंत त्याने हात पुढे आणले नाहीत.