दोन घरांमधली जागा

पुण्यामुंबईहून सुट्टीला आलेल्या माणसाला आमच्या शिरूर अनंतपाळात एक प्रश्न चुकवता येत नाही. एस.टी.तून उतरल्यापासून घरचा उंबरा गाठीपर्यंत चारपाच जण तरी त्याला थांबवतात आणि विचारतात, "मग, सध्या काय चाललंय?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तराचे कप्पे अगोदरच तयार असतात: डॉक्टर, इंजिनिअर, मास्तर, पोलीस, बँक. यांत न बसणारे उत्तर आले की मंडळी क्षणभर गोंधळतात, आणि मग आपणच त्या माणसाला कुठल्या तरी कप्प्यात घालून मोकळी होतात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे असेच झाले. ही मुलगी पुण्यास वास्तुशास्त्र शिकली, त्यापुढे आणखी दोन वर्षे शिकली, आणि गेल्या उन्हाळ्यात गावी आली. चहाच्या हॉटेलापुढे बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिला नेमके हटकले.

"मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, आबा," ती म्हणाली.

आबांनी दोनदा समजावून घेतले. झाडे लावायची? हो, तेही. बागा करायच्या? हो, बागाही. "मग माळीण म्हण की सरळ!" आबा म्हणाले, आणि त्यांचे समाधान झाले.

मला वाटले, पोरगी हिरमुसेल. पण संध्याकाळी ती आमच्या घरी आली ती हसतच. "सर, आबांनी आज मला मोठ्या मानाच्या पंगतीला बसवलं," म्हणाली. तिने सांगितलेली हकीकत अशी. १८९९ साली न्यूयॉर्क शहरात या विद्येच्या लोकांची पहिली संस्था निघाली. स्थापन करणारे अकरा जण. त्यांत बाई एकच, बिअॅट्रिक्स जोन्स. पुढे लग्नानंतर त्या बिअॅट्रिक्स फॅरंड झाल्या. संस्थेने आपल्या नावात 'आर्किटेक्ट' हा भारदस्त शब्द घातला; पण या बाई जन्मभर स्वतःला 'लँडस्केप गार्डनर' म्हणजे सरळ माळीणच म्हणवून घेत राहिल्या. आमच्या मुलखात तर त्या शब्दात कमीपणा वाटण्याचे काही कारणच नाही. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडून देव शोधला नाही. देवच मळ्यात आला, अशी आपली श्रद्धा आहे.

मला अशा धंदेवाईक संस्थांचे नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. एकाच कामाची माणसे एकत्र जमून काय बरे बोलत असतील? आम्हा मास्तरांच्या संघटनांचा मला थोडा अनुभव आहे. वेतनश्रेणी, बदल्या, शाल, श्रीफळ आणि शेवटी अध्यक्षांचे लांबलेले भाषण. मी तिला म्हटले, "तुमच्याकडे निराळे काय होते ते सांग."

ती सांगू लागली. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४८ साली, इंग्लंडातील केंब्रिज येथे निरनिराळ्या देशांतले हे लोक जमले आणि त्यांनी आपला आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. जेफ्री जेलिको हे त्याचे पहिले अध्यक्ष. बाँबने उद्ध्वस्त झालेली शहरे नव्याने उभारायचा तो काळ. घरे तर बांधायचीच, पण घरांच्या मधली जागा कशी असावी, हा प्रश्न तेव्हा खरोखरीचा होता. आपल्या देशात अशी संस्था निघायला २००३ साल उजाडले. तिचे नाव इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स. मंडळी लाडाने तिला 'आयसोला' म्हणतात. घरे बांधणाऱ्या वास्तुविशारदांसाठी १९७२ साली कायदा झाला, त्यांची रीतसर नोंदणी होते. या मंडळींसाठी तसा वेगळा कायदा नाही. तेव्हा संस्था हीच त्यांची ओळख. व्याख्याने होतात, एकमेकांची कामे पाहायला जातात, विद्यार्थ्यांच्या स्पर्धा लावतात. शालीश्रीफळे तिथेही असतातच, हे तिने प्रामाणिकपणे कबूल केले.

"पण हे सारे श्रीमंतांच्या हिरवळीचे शास्त्र," मी म्हणालो. मला ते बोलल्यावाचून राहवेना. २०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले, ते ज्यांनी पाहिले त्यांना हिरवळीचे कौतुक कसे असावे? बारा एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिला दहा टाक्या होत्या, आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. तीनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या नदीचे पाणी प्यालेल्या जिल्ह्यात कुणी शोभेचे गवत लावून त्यावर फवारे सोडू लागला, तर मी त्याला पापच म्हणेन.

"मीही पापच म्हणेन," ती शांतपणे म्हणाली. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी आम्ही घरणीच्या दिशेने पांदणीने निघालो. मी चित्रकलेचा मास्तर. दहावी आणि चित्रकलेच्या परीक्षा एवढीच माझी विद्या. कादंबऱ्या लिहितो ते निराळे. वर्गात 'देखावा काढा' म्हटले की पोरे दोन त्रिकोणी डोंगर काढतात, मधून सूर्य उगवतो, खाली नदी वाहते, आणि काठावर नारळाचे झाड डुलते. हा देखावा ती कुठल्या कॅलेंडरावरून उचलतात कोण जाणे! आमच्याकडे डोंगर नाही, नारळ नाही, आणि नदी वर्षातले बरेच महिने आठवणीतच वाहते. मी वर्षानुवर्षे सांगून थकलो की बाबांनो, आपली बाभळ काढा, आपला माळ काढा. पण बाभळीला ती चित्रात घ्यायला तयार नसतात. "सर, मीसुद्धा नारळच काढायची," ती म्हणाली. "पुण्याला गेल्यावर आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, तुमच्या गावात पडलेला पाऊस कुठून कुठं जातो ते काढा. मला काढता येईना. रात्री बाबांना फोन केला. त्यांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं."

त्या पांदणीवर तिने मला जे दाखवले ते मी रोज पाहात होतो. उतार कुठे सुरू होतो, बांध कुठे फुटतो, पाणी कुठे मुरते आणि कुठे नुसते पळून जाते. आपल्या पूर्वजांनी जमिनीचे दोन भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरी राहायची. मधे गायरान, पांदण, शीव, आड, बारव, पार, वेस. या प्रत्येक शब्दात एक जागा आहे, आणि ती जागा कुणा एकाच्या मालकीची नाही. तिच्या संस्थेच्या सभांतून जे शब्द फिरतात त्यांतल्या निम्म्यांना आमच्याकडे मराठी नाव आहे. फक्त ते सातबाऱ्याच्या नाहीतर म्हातारीकोतारीच्या तोंडी उरले आहे.

आणि इथे मला आत्याची आठवण झाली.

माझी आत्या किल्लारीकडच्या एका गावात दिलेली. गावाचे नाव मी लिहीत नाही. त्या भागातल्या वाचकांना ते कुठलेही वाटेल, आणि तेच बरोबर आहे. १९९३ सालच्या सप्टेंबरची तीस तारीख. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आमच्याकडे मांडणीवरची भांडी खाली आली आणि सारे गाव रस्त्यावर निजले. पण तिकडे गावेच्या गावे बसली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्या घरांनीच माणसे गाडली. सुमारे आठ हजार जीव गेले. आत्या वाचली. तिच्या घरातले कोण वाचले नाही ते मी इथे लिहिणार नाही. सणाचा अंक आहे.

पुढे जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसन झाले आणि बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. हे काम मोठे होते, वेळ घाईचा होता, आणि लोकांना पक्की घरे मिळाली. त्याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. गावे मात्र बुद्धिबळाच्या पटासारखी आखली होती. सरळ रुंद रस्ते, काटकोनात चौक, घराघरांत अंतर. जुन्या गावातले बोळ इतके अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने भिंतीला चिकटावे. त्या भिंतींनीच घात केला म्हणून रुंद रस्त्यांचा सगळ्यांना तेव्हा धीरच वाटला.

आम्ही नवे घर पाहायला गेलो तेव्हा वडिलांनी आत्याला विचारले, "घर कसं हाय?"

"घर झकास हाय," आत्या म्हणाली. "पर घराच्या भाईर कुटं बसावं?"

हा प्रश्न तेव्हा कुणाला फारसा कळला नाही. जुन्या घराच्या मागे एक बोळ होता. दुपारी सावली असे. पाचसात घरच्या बायका तिथे गहू निवडीत, वाती वळीत, सुनेच्या कागाळ्या सांगत, पोरे झोपवीत. त्या बोळाची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती, म्हणून तो नव्या नकाशात आला नाही. दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडायच्या, तर नव्या घरापुढे भला रुंद रस्ता आणि वर रणरणते आकाश. गवळणी मांडल्या, पण पाहायला शेजारीण येईना. शेजारीण चार घरे पलीकडे गेली होती, आणि मधल्या उन्हातून यायचे तिच्या जिवावर येई.

मग त्या बायकांनी काय केले? चौकाच्या कोपऱ्यावर एक लिंब लावला. धुण्याभांड्याचे पाणी घालून जगवला. त्याच्याभोवती पुढे पडक्या गावातून दगड आणून ओटा बांधला. ज्या दगडांची इतकी भीती बसली होती, तेच दगड! त्यांच्यावर बसायला त्यांना काही वर्षे लागली. आज तो लिंब तिशीच्या घरात आहे, आणि आत्याचा सारा दिवस त्या ओट्यावर जातो.

परवा कळले की चौकातला रस्ता काँक्रीटचा होणार आहे, शेजारून गटार जाणार आहे, आणि आखणीच्या रेषेत लिंब आणि ओटा दोन्ही येतात. बायकांनी आपले म्हणणे सांगितले. ऐकणाऱ्यांनी ऐकले आणि 'बायकांची कुरकुर' म्हणून सोडून दिले. कोणी वाईट मनुष्य होता असे नाही. नकाशात लिंब दाखवलेला नव्हता, एवढेच.

ही हकीकत मी माझ्या विद्यार्थिनीला पांदणीवरच सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने भुजच्या स्मृतिवनाचे सांगितले. २००१ सालच्या सव्वीस जानेवारीला कच्छात भूकंप झाला. त्याच्या स्मरणार्थ तिथल्या भुजियो डोंगरावर २०२२ साली हे स्थळ खुले झाले. नुसता खांब उभारून फुले वाहण्याची जागा नव्हे. डोंगराच्या घळींतून पन्नास लहान जलाशय केले, आणि त्यांच्या भिंतींवर मृतांची नावे कोरली. पाऊस पडला की त्या नावांच्या पायाशी पाणी साठते, आणि कच्छासारख्या कोरड्या मुलखात त्यावर रान वाढते. मी ते डोळ्यांनी पाहिलेले नाही. पण ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. हिरवळीबद्दलचे माझे शब्द मी मागे घेतले नाहीत; मात्र त्या विद्येत दुसरेही काही आहे हे मानले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे आत्याकडे गेलो. मुलीने टेप काढून चौक मोजला. लिंबाच्या बुंध्याचा घेर, सावलीचा पसारा, रस्त्याचा उतार, पाणी कुठे तुंबते, सारे टिपून घेतले. सकाळी कोण कुठे बसते, दुपारी कोण, हेही तिने बायकांना विचारून कागदावर ठिपके देत मांडले. आमच्या आत्याचा ठिपका दिवसभर हललाच नाही. शेवटी तिचा हिशेब असा निघाला, की रस्ता एका बाजूने पाच फूट कमी केला आणि गटार ओट्याच्या मागून वळवले तर सगळेच राहते; वर ओट्याभोवती फरशी न घालता माती मोकळी ठेवली तर लिंबाला पाणीही मिळते. एवढ्या रुंद चौकात पाच फूट कमी झाल्याने कुणाचा ट्रॅक्टर अडणार नव्हता.

"हे तर आमी कवाच सांगितलं व्हतं," आत्या म्हणाली.

"हो आत्या," मुलगी म्हणाली, "पण तुमच्या सांगण्यावर शिक्का नव्हता."

मला त्या दिवशी संस्थेचा अर्थ जितका कळला तितका तिच्या इतिहासावरून कळला नव्हता. शिक्षकाला पाठीशी शाळा लागते, वकिलाला सनद लागते. लिंबाखाली बसणाऱ्या बाईच्या बाजूने बोलायलाही कुणाच्या तरी मागे चार माणसांचे नाव असावे लागते. प्रश्न एवढाच, की ती चार माणसे आमच्या या उन्हात येतात की शहरातल्या सभागृहातच बसतात. मुलीला मी हे स्पष्टच विचारले. ती म्हणाली, "तुम्ही बोलवा. बोलावलं नाही तर त्यांना आपलं गाव कळणार कसं?"

म्हणून पत्र लिहायचे ठरले. मुलगी मसुदा सांगे, मी मोत्यासारख्या अक्षरात लिही. या बाबतीत मला थोडा अभिमान आहे. पुण्याकडच्या मंडळींनी एक दिवस यावे, चौक पाहावा, आणि आपले मत लेखी द्यावे, एवढीच विनंती. सोबत नकाशा जोडला. ठिपक्यांसकट. पत्र वाचून दाखवल्यावर आत्याने दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक, येणाऱ्यांनी दुपारी बारा ते तीनमध्येच यावे. सकाळच्या गारव्यात आले तर त्यांना काही कळायचे नाही. आणि दुसरी, पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या जाणार नाहीत, ओट्यावरच बसावे लागेल, हे अगोदर लिहून टाक.

दोन्ही दुरुस्त्या मी समासात लिहिल्या. पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी टपालात पडले. लिंब अजून उभा आहे. आखणीच्या खुणा त्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर आहेत, आणि यंदाच्या गवळणी ओट्यावरच मांडायच्या असे बायकांनी ठरवले आहे.