परत येईन तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दीडच्या सुमारास आमची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या बा एका हाताने भिंत धरून दारात उभ्या होत्या. "चक्कर येतेय," एवढंच म्हणाल्या. नोकरीसाठी बडोद्याला येऊन मला वर्ष झालं होतं, पण आमचं बोलणं लिफ्टमधल्या 'केम छो'च्या पुढे गेलं नव्हतं. रिक्षा, दवाखाना, परदेशातल्या त्यांच्या मुलाला फोन. गोळी घेऊन न जेवताच झोपल्यामुळे साखर उतरली होती. सकाळी आम्ही दोघी घरी परतलो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं खूप कौतुक झालं. रविवारी चर्चमध्ये पाळकांनीही नाव न घेता तो प्रसंग सांगितला आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटलं.

त्यानंतर तीन आठवडे मी बांच्या घरी गेले नाही.

मुद्दाम नाही हो. कामाच्या डेडलाइन होत्या. पण मनात कुठेतरी हेही होतं, की माझ्या वाटचा शेजारधर्म पाळून झाला.

पाळकांनी त्या दिवशी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घेतली होती. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातली ही गोष्ट मी संडेस्कूलपासून ऐकतेय. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकलेलं असतं. याजक बाजूने निघून जातो, लेवीही जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुदी संबंध ठेवत नसत. लहानपणी आम्ही यावर नाटक करायचो आणि जखमेवर तेल ओतायचा प्रसंग झाला की टाळ्या पडायच्या. पुढचं कुणी करायचंच नाही.

एका रात्री मी ते पुढचं वाचलं. शोमरोनी त्या माणसाला उतारशाळेत नेतो, त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो. दिनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. तो स्वतःचा प्रवास सोडून तिथे बसून राहिला नाही, हे वाचून मला जरा हायसं वाटलं. पण त्याने परत येण्याचा शब्द दिला होता. माझी अडचण तिथेच झाली.

दुसऱ्या दिवशी बांची बेल वाजवली. स्वयंपाकघरातला दिवा आठ दिवसांपासून गेलेला होता. त्या टॉर्च लावून पोळ्या करत होत्या.

"बा, मला हाक का नाही मारलीत?"

"त्या रात्री तुला केवढा त्रास दिला, बेटा. तू आली नाहीस, तेव्हा मला वाटलं, कंटाळली असशील."

काय बोलणार? मी खाली जाऊन बल्ब घेऊन आले.

आता ऑफिसातून आल्यावर दहा मिनिटं तिकडे डोकावते. रोज जमत नाही. कधी फार थकलेली असले की त्यांच्या दाराकडे न बघता सरळ आत शिरते, त्या याजकासारखी. आणि सगळं मीच करते असंही नाही. माझ्या डब्यातले थेपले त्यांचेच असतात.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. मोबाइल समोर धरून मी म्हटलं, "बा, डोळ्यांची उघडझाप करा." त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले ते उघडेचनात. तिसऱ्यांदा फोटो फसला, तेव्हा त्या हसत सुटल्या, "जिवंत आहे हे पटवायलासुद्धा किती वेळ लागतो गं!"