पर्वतीच्या पायऱ्या आणि हृदयाचा ताल

वाचकहो, कधी पुण्यास गेलात तर पहाटे पर्वतीवर अवश्य जा. नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या देवालयाकडे १०३ रुंद, दगडी पायऱ्या जातात. भाविकांसमवेत केवळ व्यायामासाठी येणारेही तेथे नित्य दिसतात; कोणी धावत चढतो, कोणी सावकाश.

आमच्या वडिलांची नाडी अनियमित पडू लागली, तेव्हा भीतीने त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “धावू नका; पण चालणे सोडू नका.” आरंभी दहा पायऱ्यांवरच ते विसावा घेत.

चढताना स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो, म्हणून हृदय जलद चालते. विसाव्यात ते पुन्हा संथ होते. नित्य चालण्याने वजन व रक्तदाब आटोक्यात राहण्यास साहाय्य होते. ब्रिटनमधील ४ लाखांहून अधिक लोकांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. तीत झपाझप चालणाऱ्यांमध्ये हृदयतालाचे विकार संथ चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. मात्र वर्षानुवर्षे अतिदीर्घ अंतरे धावणाऱ्यांपैकी काहींना हेच विकार जडतात.

म्हणून माथ्यावर पोचताच मनगटावर बोटे ठेवा. ठोके चुकत असतील, भोवळ येत असेल, तर तपासून घ्या.

वडिलांनी अखेर १०३ वी पायरी गाठली, तेव्हा खाली पुणे उजळत होते.