तुझ्या पेनड्राइव्हमधलं इंग्रजी

सातारा, रविवार

चि. मनू,


तुझा पेनड्राइव्ह मंगळवारी मिळाला. कागदावर लिहून दिलंस तसं लॅपटॉप सुरू करताना एफ१२ दाबलं, आणि थोड्या वेळात उबुंटू समोर हजर. हार्ड डिस्कला हात न लावता सगळं त्या बोटभर काडीवरून चालतं, यावर माझा विश्वास बसला नव्हता. मामांची पेन्शनची कागदपत्रं होती तिथंच आहेत. बंद केलं, काडी काढली, की जुना लॅपटॉप जसाच्या तसा. गुरुवारी तू सोबत पाठवलेल्या दुसऱ्या काडीवरचं लिनक्स मिंटही पाहिलं. ते मला जास्त ओळखीचं वाटलं, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असल्यामुळं असेल. पण पत्र लिहायचं कारण उबुंटूत घडलं.

भाषेच्या सेटिंगमध्ये गेले आणि यूकेचं इंग्लिश निवडलं. तीस वर्षं शाळेत जे शिकवलं तेच निवडणार ना गं मी! लॉगआऊट करून परत आत आले तर ट्रॅशच्या जागी रबिश बिन. कलरमध्ये यू परत आलेला. मग उत्साहानं कीबोर्डही यूकेचा केला आणि फसले. तुला मेल लिहायला बसले तर ॲट द रेटच्या जागी अवतरणचिन्ह, आणि शिफ्ट धरून तीन दाबलं की पौंडाचं चिन्ह! अर्धा तास गेला. शेवटी तू फोनवर सांगितलंस तसं भारतीय इंग्लिशचा रुपयावाला कीबोर्ड निवडला. उजवा ऑल्ट धरून चार दाबलं, ₹ उमटला, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्याच फोनवर तू सहज एक वाक्य बोललीस, ते तेव्हापासून मनातून जात नाही. या प्रणालींमधली मूळ वाक्यं बहुतेक अमेरिकी इंग्रजीत लिहिलेली असतात, आणि ब्रिटिश इंग्रजी हे त्यांचं भाषांतर म्हणून वेगळ्या फायलीत ठेवतात. मराठीची फाईल असते तशीच. कुणीतरी बसून ट्रॅशसमोर रबिश बिन लिहितं, कुणीतरी त्याच ट्रॅशसमोर मराठी शब्द लिहितं. मनू, मी ज्या इंग्रजीला मूळ धरून चालले, तिच्यासाठीही कुणाला तरी भाषांतर करावं लागतं! आणि कलरमधला यू गाळला म्हणून मी किती पोरांचे अर्धे गुण कापले असतील.

आता कान उघडे ठेवून ऐकते तर साताऱ्याच्या रस्त्यावर दोन्ही इंग्रज्या कधीच्या नांदताहेत. पेट्रोल आणि लिफ्ट आपण ब्रिटिशांकडून घेतले. पण पुस्तकात लॉरी असूनही पोवई नाक्यावरून जातो तो ट्रकच. वर्गात ट्राउझर्स शिकवून घरी आले की मी मामांची पँट वाळत घालायचे. लंडनमध्ये पँट्स म्हणजे आतली चड्डी, हे मला निवृत्तीनंतर कळलं. आणि गॅस संपला म्हटलं तर अमेरिकन माणूस पेट्रोल पंप शोधेल, आपण सिलिंडर बुक करतो.

तुझ्या इंटर्नशिपमधली अमेरिकन मुलं ‘माय बॅड’ म्हणतात आणि तूही म्हणायला लागलीस, तेव्हा मी तुला टोकलं होतं. ‘सॉरी, माय मिस्टेक’ म्हण, म्हणाले होते. ते टोकणं परत घेते. पण त्याआधीचं एक टोकणं आहे, ते जास्त खुपतंय.

तू सहा वर्षांची असताना सुट्टीत इथं आली होतीस. दारातून ओरडलीस, ‘आत्या, मी खेळायला जातो!’ मी तुला थांबवलं आणि ‘मी जाते’ असं पाच वेळा म्हणायला लावलं. तू रडवेली झालीस. मनू, मी स्वतः सांगलीची. आपल्या घरी आजी, काकू, मी, सगळ्या ‘मी येतो, मी जातो’ म्हणायचो. कोल्हापूर-सांगलीकडं बायका तशाच बोलतात. लग्न होऊन साताऱ्याला आले, नोकरी लागली, आणि स्टाफरूममध्ये कुणी हसू नये म्हणून माझी बोली मी हळूहळू पुसली. मग तीच पट्टी तुझ्यावर चालवली. सहा वर्षांच्या पोरीवर.

आणि हे दोन जिल्हे तरी किती वेगळे? १९४९ मध्ये साताऱ्यातून वेगळा निघालेला तुमचा जिल्हा आधी दक्षिण सातारा म्हणवला जायचा, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. तुझं डेबियन, त्यातून उबुंटू, उबुंटूतून मिंट, हे तू कागदावर झाड काढून समजावलंस ना, तेव्हा मला हेच आठवलं. फांदी निघाली म्हणून कुणी मिंटला बिघडलेलं डेबियन म्हणत नाही.

काल इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप करायला बसले. ‘साताऱ्याला’ लिहिताना पहिल्यांदा ‘सातार्याला’ झालं, पाहवेना. मग सापडलं: शिफ्ट धरून जे, नंतर डी, नंतर तिरकी रेघ. तो पापणीसारखा र बरोबर उमटला तेव्हा मी मामांना हाक मारून दाखवला. हा र आपल्या मराठीचा, आणि त्याची सोय कुणीतरी विचार करून ठेवली आहे.

वालचंद कॉलेजमधल्या तुमच्या लिनक्स ग्रुपच्या पोरांना विचार, मराठीच्या फायलींमध्ये काय काय अजून इंग्रजीतच राहिलंय. मला वेळ आहे, आणि दोन्ही भाषांची वाक्यं तपासायची सवय आहे. यादी काढून ठेव. सी-डॅकची बॉस ही प्रणालीही एका काडीवर घालून ठेव, तीही डेबियनवरच उभी आहे म्हणालीस, तिच्यातलं मराठी मला बघायचंय.

शनिवारी सकाळच्या एस्टीनं निघतो. कंदी पेढे आणतो. स्टँडवर थांबू नकोस, रिक्षा करून मी येतो.

तुझी,
आत्या