कापसाच्या गावात रेशीम

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. पण इथल्या जादूगाराला कापूस कामाचा नाही. अमरावतीच्या एखाद्या कापडदुकानात तो ‘पातळ सिल्क दाखवा, रंगीत’ म्हणाला, की समोरून हमखास प्रश्न येतो, ‘‘अस्तरले पायजे काय भाऊ?’’ गिऱ्हाईक कापड अंगाला लावून बघत नाही, पोत चाचपत नाही. मुठीत कोंबतं, थोडं थांबतं आणि मूठ उघडतं.

सगळी परीक्षा त्या उघडण्यात आहे. सुती रुमाल बोळा होऊन तळहातावर पडून राहतो. चांगलं रेशीम मात्र बोटं सैल होताच उमलू लागतं.

जादूगारांचं लाडकं कापड म्हणजे मूळचं जपानी हाबुताई. त्याचं वजन ‘मोमे’त मोजतात. पाच मोमेचं कापड चौरस मीटरला जेमतेम २२ ग्रॅम भरतं, म्हणजे १८ इंची रुमाल साधारण साडेचार ग्रॅमचा! पैठणी कितीही देखणी असो, या कामात तिला नापासच करावं लागेल. रेशमाच्या नावाखाली दुसरंच काही गळ्यात पडू नये म्हणून एक सूत मागून त्याला काडी लावावी. केस जळाल्यासारखा वास आला तर रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर.

रंग निवडताना मात्र दुकानातल्या ट्यूबलाइटवर भिस्त ठेवू नये. गणेशोत्सवाच्या मांडवात लाल दिवा पडला, की दुकानात खुललेला हिरवा रुमाल काळा दिसतो. पिवळट हॅलोजनखाली पिवळा आणि पांढरा यांतला फरक पुसट होतो. काळ्या पडद्यापुढे गर्द निळा तर शेवटच्या रांगेला दिसतच नाही. आणि न दिसलेली वस्तू गायब केली, तर टाळी कोण वाजवणार?

‘ट्वेंटिएथ सेंच्युरी सिल्क्स’ हा न्यूयॉर्कच्या फ्रँक डुक्रो यांच्या नावावरचा जुना खेळ. दोन रुमालांची गाठ मारून ठेवायची. तिसरा गायब होतो आणि त्या दोघांच्या मधोमध बांधलेला सापडतो. इथे तिसऱ्याचा रंग लांबूनही वेगळा दिसलाच पाहिजे. लाल रुमालांमध्ये केशरी आला, तर मागच्यांना काही घडल्याचं कळणारही नाही. अशा रेशमी खेळांचा पसारा इतका, की अमेरिकेच्या हॅरल्ड राइस यांनी त्यांचा कोशच लिहिला. पहिला खंड १९४८चा.

अकोल्याच्या उन्हाळ्याची गोष्ट त्या कोशात शोधू नये. पारा ४५च्या घरात गेला, हवा कोरडी ठण्ण झाली, की रेशीम अंगाला चिकटतं आणि बोटांच्या बारीक भेगांत त्याचं सूत अडकतं. प्रयोगाच्या आदल्या रात्री हाताला खोबरेल चोळावं, सकाळी साबणाने धुऊन टाकावं. तेलाचा डाग रेशमावरून सहजी जात नाही.

आणि पैसे एकाच रुमालापुरते असतील, मागे पडदा काळा असेल, तर पिवळा घ्यावा.